चूक उघड्यावर मांडली त्या हंगामात

सीताफळांचे डोळे उघडले की मला सुनीता आठवते.

दसरा सरलेला असतो आणि दिवाळी अजून उंबऱ्याबाहेर असते. युसूफ वडगावच्या रानात सोयाबीनची काढणी उरकत येते. मळणी यंत्रातून उडणारं भुसकट मानेला, मनगटाला, पापण्यांना चिकटून खाजत राहतं. तुरीवर पिवळी फुलं दिसू लागतात. दुपारचं ऊन चटके देतं आणि पहाटे मात्र पायाशी सरकलेली गोधडी चाचपडून वर ओढून घ्यावीशी वाटते. याच दिवसांत गावात आणखी एक लगबग चालते. कोयत्यांना धार लावली जाते. ज्वारीची पोती, पातेली, चूल, पांघरुणं, पाटीखाली झाकलेल्या कोंबड्या, दाव्याला बांधलेली शेळी असं अख्खं घर ट्रकवर चढतं. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या निघायच्या असतात. चार-पाच दिवसांत गावातली कितीतरी दारं कुलपं लावून गप्प होतात.

यंदाही या दिवसांत मी घरी आले आहे. मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. सुगीला आईला मदत म्हणून येते आणि ओसरीत लॅपटॉप मांडून कंपनीचंही काम करते. आईला या कामाचं कौतुक आहे आणि थोडा संशयही. "दिसभर काचंकडं बघायचं अन त्याचा पगार घ्यायचा," असं ती शेजारणीला सांगते तेव्हा त्यात नेमकं काय जास्त असतं ते मला अजून कळलेलं नाही. आज सकाळी तिनं रानातून पाटीभर सीताफळं आणली. टणक होती, पण डोळ्यांच्या रेघा पांढुरक्या झाल्या होत्या. म्हणजे उद्या-परवा पिकणार. ती तांदळात पुरून ठेवताना हात थांबला आणि काही वर्षांपूर्वीचा तो हंगाम जसाच्या तसा समोर आला.

तेव्हाही मी अशीच ओसरीत बसले होते. सकाळचे नऊ-साडेनऊ झाले असतील. कमलताई फाटक ढकलून आत आल्या. कमलताई आमच्याच गावच्या. ऊसतोड कुटुंबांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत त्या परिचारिका आहेत, म्हणून सारं गाव त्यांना सिस्टर म्हणतं. गावातल्या गरोदर बायका आणि लहान लेकरं यांची नोंद त्या एका टॅबवर ठेवत. टोळी कारखान्यावर गेली की तिथल्या तळावरची संस्थेची दुसरी परिचारिका तीच नोंद आपल्या टॅबवर उघडून पुढचं बघे. किती महिने भरले, कोणती लस राहिली, कुणाला रक्त कमी आहे. घर हलतं, गाव हलतं, पण नोंद सोबत राहते, एवढी साधी आणि मोलाची गोष्ट होती ती.

ही नोंद ज्या प्रोग्रॅमवर चाले तो ओपन सोर्स होता. म्हणजे त्याची आतली सगळी रचना जगासमोर खुली. कुणीही वाचावी, वापरावी, दुरुस्त करावी. असे प्रोग्रॅम अनेक देशांतली अनेक माणसं मिळून सांभाळतात. त्यात बिघाड दिसला, आमच्या भाषेत बग, की तो लिहायला इंटरनेटवर एक खुली यादी असते. आणि योगायोग असा की हाच प्रोग्रॅम आमची कंपनी काही दवाखान्यांना बसवून देई. त्यांच्या तक्रारी सोडवायचं काम माझ्या गटाकडं होतं.

"शैला, जरा बघ गं ह्ये," कमलताई खांबाला टेकून बसत म्हणाल्या. "जुना टॅब फुटला. नवा आलाय दसऱ्याच्या आधी. जाधव सापडतेत, शिंदे सापडतेत. कुऱ्हाडे तेवढे गायब. बऱ्हाटे बी न्हाईत. मीच नीट टायपिंग करीना का काय कळंना. मंग काय, नव्यानं नोंदी केल्या सगळ्यांच्या. आठ दिस झाले डोळं फोडतेय."

मी टॅब हातात घेतला. नाव टाकलं. त्यांनी आठ दिवसांत केलेली नवी नोंद आली, जुनी नाही. मग त्यांचंच खातं माझ्या लॅपटॉपवर उघडून, माझ्या कळफलकानं तेच नाव टाकलं. आता जुनी आली, नवी नाही. मला उत्तर ठाऊक होतं.

कुऱ्हाडे या नावात पापणीच्या केसासारखा बारीक वळलेला एक अर्धा र आहे. मराठीत तो जागोजागी भेटतो. पण कळफलक बनवणाऱ्यांनी तो दोन वेगवेगळ्या पद्धतींनी लिहिला आहे. डोळ्यांना दोन्ही अक्षरं एकच दिसतात, यंत्राला मात्र ती दोन वेगळी नावं वाटतात. जुन्या टॅबचा कळफलक एका पद्धतीचा होता, नव्याचा दुसऱ्या. त्यामुळे त्या हंगामात आमच्या गावातले कुऱ्हाडे यंत्राच्या लेखी दोन कुळांत विभागले गेले होते.

आणि हे मी पावसाळ्यातच पाहिलं होतं. एका मोठ्या दवाखान्यानं हीच तक्रार केली होती. मी ती कंपनीच्या स्वतःच्या यादीत लिहिली. ती यादी कुलपात असते, कंपनीबाहेरच्या कुणाला दिसत नाही. दवाखान्यानं म्हटलं, आम्ही मोबाइल नंबरावरून शोधतो, घाई नाही. मीही पुढं लिहिलं, 'नंतर पाहू.' ते दोन शब्द माझेच होते. प्रोग्रॅमच्या खुल्या यादीत मी एक ओळही लिहिली नव्हती. लिहायची आमच्यात पद्धतच नव्हती.

मी दोन्ही नोंदी एकाखाली एक लावून कमलताईंना दाखवत होते. एका ठिकाणी त्यांचं बोट थांबलं. सुनीता बाळू कुऱ्हाडे. जुन्या नोंदीत सगळं होतं. नव्या नोंदीत नाव, वय, सहावा महिना आणि रक्तगटापुढं रिकामी जागा.

"अगं बया," कमलताई उठल्याच. "हिचं रक्त निगेटिव्ह हाय. पहिली पोरगी पॉझिटिव्ह. सातव्या महिन्यात एक सुई लागती अन बाळंत झाल्यावर तीन दिसाच्या आत दुसरी. न्हाई दिली तर पुढच्या लेकराच्या जिवावर बेततं. घाईघाईत नवी नोंद केली, म्हटलं रक्ताचं मागून भरू. तिचं कार्ड बी पावसात भिजून लगदा झालंय."

"मग आत्ता जाऊ तिच्याकडं."

"ती तर सकाळीच गेली! गाडी गेली तिची."

तिच्या नवऱ्याचा, बाळूचा फोन लागेना. टोळीच्या मुकादमाचा लागेना. कारखाना कडा गावाच्याही पलीकडं, नगर जिल्ह्यात. कमलताईंना एवढंच आठवत होतं की मुकादम म्हणत होता, बाकीच्या गाड्या येईपर्यंत मांजरसुंब्याला थांबायचं. मी लॅपटॉप तसाच उघडा ठेवून स्कूटर काढली. आईनं विचारलं, "कावून पळताय?" आणि उत्तराची वाट न बघता पाण्याची बाटली पुढं केली.

त्या रस्त्याचं मला फार थोडं आठवतं. कडेला वाळत घातलेलं सोयाबीन, ओव्हरटेक करताना अंगावर येणारा डिझेलचा गरम श्वास, माझ्या खांद्यावर घट्ट रुतलेला कमलताईंचा हात. मनात एकच हिशेब चालला होता: ती गाडी निघून गेली असेल तर काय. पुढं कारखान्यावर फोन करता आला असता, हे आज शांतपणे सुचतं. त्या दिवशी आम्हा दोघींना फक्त सुनीता डोळ्यांनी दिसायला हवी होती.

मांजरसुंब्याला रस्ते एकमेकांत मिसळतात. तिथं ट्रकांची रांग लागली होती. ढाब्यांच्या भट्ट्यांचा धूर, हॉर्न, रस्त्याच्या कडेनं मांडलेल्या सीताफळांच्या पाट्या, पिकलेल्या गराचा गोड, किंचित आंबूस वास. आम्ही एकेक ट्रक बघत निघालो. चौथ्या का पाचव्या ट्रकच्या सावलीत ज्वारीच्या पोत्यावर सुनीता बसली होती. मांडीवर थोरली पोर. तिच्या तोंडात ती सीताफळाचा गर भरवत होती आणि बिया स्वतःच्या तळहातावर घेत होती.

"सिस्टर? तुमी? आमचं काय इसरलं का काय घरी?"

कमलताईंना दम लागला होता. "तू न्हाई इसरलीस. आमीच इसरलो."

त्यांनी पिशवीतून कोरं कार्ड काढलं, लाल पेनानं त्यावर रक्तगट लिहिला आणि तीनदा गिरवून जाड केला. मग सुनीतासमोर उकिडव्या बसल्या. "ऐक. तुझं रक्त निगेटिव्ह हाय. सातवा लागला की एक सुई घ्यायची. बाळंत झालीस की तीन दिसाच्या आत दुसरी. कुनी इचारो न इचारो, तूच सांगायचं. म्हण बरं."

"माजं रक्त निगेटिव्ह हाय," सुनीता लाजत म्हणाली.

"मोठ्यानं."

"माजं रक्त निगेटिव्ह हाय! मला सुई लागती!" आणि ती खळखळून हसली. ट्रकवरून बायका डोकावल्या, त्याही हसल्या. बाळूनं चहाचा ग्लास खाली ठेवला आणि नीट ऐकून घेतलं. कार्ड त्यानं प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून शर्टाच्या आतल्या खिशात घातलं. कमलताईंनी तिथूनच तळावरच्या परिचारिकेला फोन करून सगळं कळवलं.

सुनीतानं आम्हा दोघींच्या हातात एकेक सीताफळ ठेवलं आणि माझ्याकडं बघून सहज विचारलं, "मंग चुकलं कोन, ताई? यंत्र का?"

मी म्हणाले, "नाही. मी चुकले."

तिला ते पूर्ण कळलं नसावं. "असू द्या. आलात न्हवं इतकं लांब," ती म्हणाली. माफी इतकी सहज मिळते तेव्हा ती जास्त जड होते, हे मला त्या ट्रकच्या सावलीत कळलं.

परत येताना एका झाडाखाली थांबून आम्ही ती सीताफळं खाल्ली. मी कमलताईंना पावसाळ्यातली गोष्ट सांगितली. 'नंतर पाहू' हेही सांगितलं. त्यांनी तोंडातली बी थुंकली.

"ठाऊक व्हतं तर सांगितलं कावून न्हाई?"

"लिहिलं होतं की ताई. कंपनीत."

"कंपनीत लिवलं. आमाला कावून न्हाई?"

मी एक बी उचलून मातीत दाबू लागले.

"आमच्या हापिसातल्या पोरीनं ती उघडी यादी धुंडाळली व्हती," त्या म्हणाल्या. "म्हनली, सिस्टर, जगात कुनाचीच अशी तक्रार न्हाई, तुमचंच काय तरी चुकत असंल. आठ दिस मी सोताला येडी समजत व्हते गं." त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "हापसा बिघडला तर आपण दांड्याला बाभळीची फांदी बांधतो का न्हाई? मागून येणाऱ्या बाईनं उगं घागर घेऊन येऊ नये म्हणून. दुरुस्त करणारा येईल तवा येईल. तुमी तेवढी फांदी बी बांधली न्हाई."

मी शहरात किती बैठका ऐकल्या, पारदर्शकतेवर किती सुंदर भाषणं ऐकली. पण कंपन्यांनी आपल्या तक्रारी खुल्या यादीत का लिहाव्यात, हे मला त्या झाडाखाली, चिकट बोटांनी बसलेली असताना समजलं.

त्याच दुपारी मी ओसरीतून माझे साहेब, मंदार सर, यांना फोन लावला. सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट. मग म्हणाले, "सर, हा बग मला खुल्या यादीत लिहायचा आहे. आणि हा एकच नाही, या प्रोग्रॅमचे आपल्याकडचे सगळेच."

ते वाईट गृहस्थ नाहीत. सावध आहेत. "शैला, आपले ग्राहक दवाखाने आहेत. त्यांची माहिती जगासमोर मांडणार तू?"

"ग्राहकाचं नाव नाही, रुग्णाचं नाव नाही. फक्त बिघाड. कोणत्या पायरीला काय होतं तेवढंच."

"आणि आपल्या स्पर्धकांनी ती यादी दाखवून सांगितलं की यांच्या प्रोग्रॅममध्ये एवढे बग आहेत, तर?"

"प्रोग्रॅम आपला कुठं आहे सर? जगानं बनवलेला आपण फुकट घेतला. त्याच्यावर आपलं घर चालतं. मग त्याचं दुखणं तेवढं आपण कुलपात का ठेवायचं?"

आमच्याकडं परसात आई उडीद पाखडत होती, त्या सुपाचा आवाज त्यांनाही ऐकू जात असावा.

"ती बाई बरी आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आत्ता बरी आहे. पुढचं हंगामानंतर कळेल."

"एक लिही," ते म्हणाले. "एकच. बघू काय होतं. आणि एक गोष्ट डोक्यात ठेव. ज्या बिघाडातून रुग्णाची माहिती फुटू शकते तो आधी प्रोग्रॅम सांभाळणाऱ्यांना गुपचूप कळवायचा. दुरुस्ती झाली की मग उघडा करायचा." ते बरोबर होतं. सगळंच आरडाओरडा करून सांगायचं नसतं, हे मी त्यांच्याकडून शिकले.

ती पहिली तक्रार लिहायला मला दोन तास लागले. नोकरीच्या अर्जालाही इतका वेळ घेतला नव्हता. आपली चूक ज्या भिंतीवर लिहायची ती भिंत साऱ्या जगाला दिसते, हे कळ दाबताना बोटांना जाणवतं. दोन कळफलक, दोन र, सापडणारी आणि न सापडणारी नोंद असं सगळं पायरी-पायरीनं लिहिलं. शेवटी लिहिलं की हे आम्हाला काही महिन्यांपासून माहीत होतं आणि आम्ही इथं कळवलं नाही, याबद्दल दिलगीर आहोत.

दुसऱ्या दिवशी आई चकल्यांची भाजणी दळायला गेली होती तेव्हा उत्तर आलं. लिहिणाऱ्याचं नाव सरोज. नेपाळमध्ये, पोखऱ्याच्या एका छोट्या दवाखान्यात तो संगणकाचं काम बघे. नेपाळी भाषेत हा अर्धा र इतका भरलेला आहे की साधं 'केलं' म्हणायलाही तो लागतो. त्यांना हाच त्रास दोन वर्षांपासून होता. त्यानं तो आपल्या दवाखान्यापुरता दुरुस्तही करून टाकला होता. 'मला वाटलं हा फक्त आमच्या भाषेचा त्रास आहे, बाकीच्यांना कशाला दाखवायचा,' त्यानं लिहिलं होतं. सोबत त्यानं आपली दुरुस्ती जोडली होती.

मी ते वाचून खुर्चीत मागं टेकले. कमलताईंना वाटलं, आपल्यालाच टायपिंग येत नाही. दवाखान्याला वाटलं, आपल्यापुरती सोय झाली, बस्स. मला वाटलं, किरकोळ आहे. सरोजला वाटलं, आपल्याच भाषेचं दुखणं. चौघांनी तोच बिघाड आपापल्या भिंतीआड सांभाळला होता आणि औषध दोन वर्षं पोखऱ्यात तयार होऊन पडलं होतं.

मग त्या पानावर आणखी माणसं आली. 'आमच्याकडंही', 'आम्हालाही' असं कुणी कुठून लिहू लागलं. प्रोग्रॅम सांभाळणाऱ्यांपैकी एका वयस्क बाईंनी सुचवलं की नुसता शोध सुधारून भागणार नाही, आधी झालेल्या दुहेरी नोंदी जुळवायची सोयही हवी. ते मला सुचलंच नव्हतं. मी आणि सरोजनं मिळून ते केलं. आमच्या घरात तेव्हा तळणाचा घाणा चालू होता. अनारशांवर खसखस लावता लावता मी उठून लॅपटॉपकडं जाई, आणि कळांवर खसखशीचे दाणे राहत.

वसुबारसेला नवी आवृत्ती कमलताईंच्या टॅबवर आली. त्या आमच्या ओसरीत बसूनच होत्या. त्यांनी नाव टाकलं. कुऱ्हाड्यांची सगळी घरं एकाखाली एक उतरली. त्यांनी बोट लावून एकेक बाई, एकेक लेकरू मोजलं. सुनीताची आता एकच नोंद होती आणि रक्तगटापुढची जागा भरलेली होती. "आले गं सगळे," त्या एवढंच म्हणाल्या आणि पदरानं टॅबची काच पुसली.

दिवाळीनंतर मी पुण्याला गेले तेव्हा मंदार सरांनी आमची कुलपातली यादी मोठ्या पडद्यावर लावली. "एकेक काढा बाहेर," म्हणाले. कित्येक दुपारी आमचा गट तेच करत होता. ग्राहकाच्या खुणा पुसायच्या, बिघाड नीट लिहायचा, खुल्या यादीत टाकायचा. काही तक्रारी तिथं आधीच सुटलेल्या निघाल्या. आम्ही उगाच उरावर घेऊन बसलो होतो. तेव्हापासून आमच्यात नियम झाला: या प्रोग्रॅमचा बग आधी उघड्यावर लिहायचा, कंपनीच्या वहीत त्याचा फक्त पत्ता ठेवायचा.

सगळ्यांना ते रुचलं असं नाही. एका दवाखान्याच्या व्यवस्थापकांचा फोन आला. "मॅडम, आमच्याकडच्या भानगडी चव्हाट्यावर कशाला मांडता?" मला मांजरसुंबा आठवलं. मी म्हणाले, "साहेब, तुमचं नाव कुठंच नाही. पण चव्हाट्यावर मांडलं की येणारा-जाणारा एखादा वाट सांगतो. घरात ठेवलं तर आपण दोघंच एकमेकांचं तोंड बघत बसू." त्यांनी रागानंच फोन ठेवला. पुढं काही महिन्यांनी त्यांच्याच कारकुनानं दुसऱ्या एका तक्रारीखाली लिहिलेलं दिसलं, 'आमच्याकडंही असंच होतं, आम्ही असं केलं.' मी तो मजकूर मंदार सरांना दाखवला. दिवसभर त्यांचा चेहरा खुशीत होता.

टोळ्या परतल्या तेव्हा गुढीपाडवा होऊन गेला होता. मी यात्रेसाठी गावी आले होते. सुनीता घरी आली, कडेवर तीन महिन्यांची मुलगी, डोळे भरून काजळ. दोन्ही सुया मिळाल्या होत्या. बाळंतपणाच्या वेळी तळावरची परिचारिका रजेवर होती. दवाखान्यात सगळी अनोळखी माणसं. "मीच सांगितलं," सुनीता म्हणाली. "दारातून आत जाताना सांगितलं, टेबलावर निजताना सांगितलं अन सकाळी डॉक्टर आले तवा परत सांगितलं. डॉक्टर म्हनले, बाई, तुला ह्ये कुनी शिकीवलं? म्हनलं, आमच्या सिस्टरनी, मांजरसुंब्यात, गाडीच्या सावलीला." मुलगी माझ्या मांडीवर देऊन ती आईशी बोलायला आत गेली. त्या मऊ, उबदार ओझ्याखाली मी बराच वेळ हलले नाही.

आज मागं वळून बघताना त्या हंगामाचं देणं मी कुणाकुणाचं मानू? चूक माझी असूनही सीताफळ हातावर ठेवणारी सुनीता. आठ दिवस स्वतःला वेडी समजूनही एकही नाव न गाळता पुन्हा लिहिणाऱ्या, आणि मला खडसावताना आवाज न चढवणाऱ्या कमलताई. 'एक लिही' म्हणणारे मंदार सर, कारण कुणा वरिष्ठानं तेवढं म्हणणं ही लहान गोष्ट नसते. कधीही न भेटलेला सरोज. आणि त्या पानाखाली नुसतं 'आम्हालाही' एवढंच लिहून गेलेली माणसं. ज्यांना काही दुरुस्त करता येत नव्हतं त्यांनीही एक मोठं काम केलं. तू एकटी नाहीस, एवढं सांगितलं. आपल्या कंपन्यांना मी अलीकडं जिथं संधी मिळेल तिथं हेच सांगते. बिघाड खुल्या यादीत लिहा. तो लिहिल्यानं तुम्ही लहान होत नाही. कुठंतरी एखादी बाई स्वतःला येडी समजत बसलेली असते, तिची सुटका होते.

काल कमलताई आल्या होत्या. केसांत रुपेरी बटा वाढल्या आहेत, टॅब तिसरा आहे. जुळ्या लेकरांची नोंद करताना दोघांना एकच नंबर पडतोय, म्हणाल्या. मी सवयीनं लॅपटॉप पुढं ओढला.

"तू नको," त्या म्हणाल्या. "मी लिवते. मला दाखव फकस्त कुठं लिवायचं."

मी यादी उघडून दिली. चष्मा लावून, एका बोटानं, त्यांनी लिहायला घेतलं. मधेच विचारलं, "इंग्रजी लागतंय का?" मी म्हणाले, नाही, तुमच्या भाषेत लिहा, वाचणारे वाचतील. आई चहा घेऊन आली, तो गार झाला. काय झालं, कधी झालं, आधी काय दाबलं, नंतर काय दिसलं, सगळं त्यांनी कागदावर नोंद करावी तसं नेटकं लिहिलं. मी वाचून पाहिलं, एक शब्दही बदलावासा वाटला नाही. पाठवायच्या आधी त्या क्षणभर थांबल्या, पुन्हा कळफलकावर वाकल्या आणि तळाला आणखी एक ओळ लिहिली:

'काय कळलं न्हाई तर मला इचारा. मी हाय.'